अठरा फ्लॉप्या आणि तेवीस आठवणी

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त लक्ष्मीबाई नगर येथे झालेल्या सभेतील भाषण)



संगणकासारख्या विषयावर बोलण्यासाठी कार्यकारिणीने आमची निवड करावी, याचे आश्चर्य आपल्यापेक्षा आम्हालाच अधिक वाटले. आम्ही इतिहास विषय घेऊन बी. ए. झालो आणि त्यानंतरची तीस वर्षे भारत सरकारच्या एका मंत्रालयात फायलींच्या सहवासात काढली. संगणकाशी आमचा संबंध एवढाच, की प्रथम तो आमच्या टेबलाच्या एका कोपऱ्यात येऊन बसला आणि पुढे टेबलच त्याचे झाले. तेव्हा शास्त्रीय निरूपणाची अपेक्षा आमच्याकडून कोणी ठेवू नये. एक पत्र्याचा डबा आमच्या हाती कसा आला, त्यातील मजकूर वाचावयास दीड वर्ष का लागले, आणि त्यातून काय निघाले व काय निघाले नाही, एवढेच आम्ही सांगणार आहोत. ओघात एक कबुलीही द्यावयाची आहे. ती तिच्या जागी देऊ.

मंडळाचे दिवंगत चिटणीस जुन्या सभासदांना आठवत असतीलच. अहवालाखालील सहीपलीकडे आपले नाव कोठे छापले जाऊ नये असा त्यांचा आयुष्यभर कटाक्ष होता. तो आम्हीही आज पाळतो. १९९३ ते १९९८ या काळात दर रविवारी सकाळी ते सायकलवर टांग टाकून निघत. लक्ष्मीबाई नगर, सरोजिनी नगर, नेताजी नगर, किदवई नगर, प्रसंगी थेट पहाडगंज आणि करोलबाग. जुन्या पिढीतील मराठी माणसांसमोर वही उघडून ते बसत आणि आपण दिल्लीस केव्हा आलात, का आलात, पहिला आसरा कोणी दिला, पहिल्या दिवाळीला घरात काय शिजले, असे एकेक विचारून उतरवून घेत. पुढे एका परिचिताच्या टंकलेखनाच्या दुकानात बसून तो मजकूर ते संगणकावर चढवीत. रौप्यमहोत्सवात त्याचे पुस्तक काढावयाचे होते. परंतु जाहिराती पुरेशा मिळाल्या नाहीत, स्मरणिकेची पाने कमी करावी लागली आणि पुस्तक मागे पडले ते पडलेच.

येथपर्यंतची हकीकत कोणत्याही मंडळात घडते तशीच आहे. खरा घोटाळा पुढे झाला. निवृत्तीनंतर सरकारी क्वार्टर सोडताना चिटणिसांनी हस्तलिखित टिपणांचे गठ्ठे रद्दीत घातले. या माणसाने मंडळाची एक पावतीही कधी फेकली नव्हती. पण मजकूर संगणकात गेला म्हणजे तो सुरक्षित झाला, अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती. त्या काळी आपणा सर्वांचीच ती होती.

त्यांच्या पश्चात द्वारकेची सदनिका आवरताना परदेशस्थ चिरंजीवांना बिस्किटांचा एक मोठा पत्र्याचा डबा सापडला. वर मंडळाचे नाव असल्याने तो आमच्याकडे आला. आत सात मोठ्या फ्लॉप्या, अकरा लहान फ्लॉप्या आणि दोनशे पानांची एक वही होती. वहीत आतील मजकुराची अनुक्रमणिका होती: तेवीस आठवणी, त्यापुढे तेवीस नावे. त्या तेविसांपैकी आज आपल्यात कोणीही नाही. सतरावे नाव आमच्या तीर्थरूपांचे होते.

सभागृहातील तरुण मंडळींसाठी सांगितले पाहिजे, की संगणकाच्या पडद्यावर मजकूर जतन करण्यासाठी जे लहानसे चौकोनी चित्र दाबतात, ते या फ्लॉपीचेच. वस्तू गेली, चित्र राहिले. फ्लॉपी म्हणजे पातळ प्लॅस्टिकची एक गोल चकती, तिच्यावर लोहाच्या संयुगाचा चुंबकीय लेप, आणि बाहेरून चौकोनी वेष्टन. सव्वापाच इंची मोठी फ्लॉपी १९७६ मध्ये निघाली, साडेतीन इंची लहान १९८१ मध्ये. मोठीच्या नंतरच्या प्रकारात १२,२८,८०० चिन्हे मावत, लहानीत १४,७४,५६०. एवढ्यात एक जाडजूड मराठी कादंबरी आरामात बसे. आज भ्रमणध्वनीवर येणारे सुप्रभातचे एखादे चित्रही त्यात मावणार नाही, ही गोष्ट वेगळी.

आमच्यापैकी पुष्कळांनी आयकराच्या मूळ कपातीची विवरणे फ्लॉपीत घालून नेऊन दिली आहेत. सोनी कंपनीने २०११ मध्ये फ्लॉपी बनविणे थांबविले. जपानसारख्या अतिप्रगत देशातही सरकारी अर्ज फ्लॉपीवर देण्याविषयीचे नियम हजारावर होते आणि ते रद्द होण्यास २०२४ साल उजाडावे लागले, हे वाचून एका सरकारी नोकराला जे समाधान वाटावयाचे ते आम्हाला वाटले.

डबा हाती आल्यावर आम्ही थोडे वाचन केले, तेव्हा असे डबे जगात ठिकठिकाणी पडलेले आहेत असे दिसून आले. इंग्लंडमध्ये १०८६ साली विजेत्या विल्यमने आपल्या राज्यातील जमीनजुमल्याची मोजणी करविली. ते डूम्सडे बुक आजही उघडून वाचता येते. त्याला नऊशे वर्षे झाली म्हणून १९८६ मध्ये बीबीसीने लक्षावधी शाळकरी मुले व नागरिक यांच्याकडून साऱ्या देशाची नवी नोंद करवून ती दोन मोठ्या लेसर चकत्यांवर साठविली. पंधरा वर्षांच्या आत त्या चकत्या वाचणारी यंत्रे दुर्मिळ झाली. चर्मपत्र नऊशे वर्षे टिकले, चकतीला पंधरा वर्षांत वाचक उरला नाही. शेवटी २००२ च्या सुमारास लीड्स व मिशिगन येथील विद्यापीठांच्या संशोधकांनी जुन्या यंत्राची नक्कल करणारी आज्ञावली नव्या संगणकासाठी लिहून तो मजकूर सोडविला.

दुसरी हकीकत चंद्राची. १९६६ व १९६७ मध्ये अमेरिकेच्या पाच यानांनी चंद्राभोवती फिरून छायाचित्रे पाठविली. ती रुंद चुंबकीय फितींवर उतरली होती. पुढे या फिती टाकून देण्याची वेळ आली, तेव्हा नॅन्सी इव्हान्स या अधिकारी महिलेने त्याला नकार दिला. फिती तिने जपल्याच. पण त्या वाचणारी, कपाटाएवढी अजस्र यंत्रे भंगारात निघाली तेव्हा तीही मिळवून वर्षानुवर्षे आपल्या घरच्या गॅरेजमध्ये ठेवली. २००८ मध्ये कॅलिफोर्नियात एका बंद पडलेल्या बर्गरच्या दुकानात ती यंत्रे मांडून काम सुरू झाले आणि चंद्राच्या क्षितिजावरून दिसणाऱ्या पृथ्वीचे १९६६ चे चित्र पूर्वी कधी नव्हते इतके स्वच्छ निघाले. फीत जपणारे पुष्कळ असतात. यंत्रही जपले पाहिजे हे त्या बाईला कळले होते. आमच्या डब्यात फ्लॉप्या होत्या, यंत्र नव्हते.

एवढे लांब जाण्याचेही कारण नाही. येथून जवळच, लोदी रोडवर, मौसम भवन आहे. भारतीय हवामान खाते १८७५ मध्ये स्थापन झाले. १९२८ मध्ये त्याचे मुख्यालय सिमल्याहून पुण्यास आले. पुण्यातील जो चौक व बसथांबा आपण सर्वजण ‘सिमला ऑफिस’ म्हणून ओळखतो, तो त्याच कारणाने. पुढे १९४४ मध्ये मुख्यालय दिल्लीस आले, पण पूर्वापारच्या नोंदींचे भांडार पुण्यातच राहिले. गावोगावच्या पर्जन्यमापकांच्या नोंदी प्रथम वह्यांत होत्या. त्या छिद्रे पाडलेल्या पुठ्ठ्याच्या पत्रांवर उतरल्या, तेथून चुंबकीय फितींवर आणि पुढे आजच्या साधनांवर गेल्या. १९०१ पासूनच्या दररोजच्या पावसाचा भारताचा जो चौकडीवार नकाशासंच २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यासाठी ६,९५५ केंद्रांच्या नोंदी वापरल्या गेल्या. दर पिढीतील कोणा कारकुनाने आणि तंत्रज्ञाने, जुने यंत्र अजून चालते आहे तोवरच, आधीच्या साधनावरून मजकूर पुढच्या साधनावर नेला नसता तर हे शक्य झाले नसते. पूर्वी टपालाचे घोडे टप्प्याटप्प्याने बदलत, तसेच हे काम. घोडा मेल्यावर नव्हे, दमण्यापूर्वी बदलावा लागतो.

आमच्या कचेरीतील रीतही येथे आठवते. कार्यालयीन पद्धतीत फायलींचे तीन वर्ग असतात: पहिल्या वर्गातील जपून ठेवावयाच्या आणि त्यांची सूक्ष्मपटावर प्रतही घ्यावयाची; दुसऱ्या वर्गातील नुसत्या जपावयाच्या; तिसऱ्यातील काही वर्षांनी नष्ट करावयाच्या. सूक्ष्मपटाला आम्ही तरुणपणी हसत असू. आता हसत नाही. सूक्ष्मपट वाचावयास एक भिंग आणि एक दिवा पुरतो. १९९३ च्या सार्वजनिक अभिलेख अधिनियमाने संगणकाने निर्माण केलेले साहित्यही अभिलेखांत धरले आहे. त्या कायद्याचे वर्ष आणि आपल्या चिटणिसांनी पहिली आठवण टिपली ते वर्ष एकच, हा निव्वळ योगायोग.

असो. आता कबुली.

डबा मिळाल्यावर दुसऱ्याच शनिवारी आम्ही एक मोठी फ्लॉपी खिशात घालून नेहरू प्लेस गाठले. सुवर्णमहोत्सव जवळ आला होता, आणि तीर्थरूपांची आठवण वाचावयाची उत्सुकता होती. खरे सांगावयाचे तर दुसरे कारणच मोठे होते. बाजारातील तरुण दुकानदारांनी फ्लॉपीकडे संग्रहालयातील वस्तूकडे पाहावे तसे पाहिले. अखेर जुन्या यंत्रांची मोडतोड विकणाऱ्या एका वृद्ध गृहस्थांनी आतल्या खोलीतून एक जुना संगणक काढला, पुसला, चालू केला. फ्लॉपी आत गेली. खर्र असा आवाज झाला आणि पडद्यावर तीन पर्याय आले: अबॉर्ट, रिट्राय, फेल. दुकानदार म्हणाले, “साहेब, राहू द्या.” आम्ही ‘रिट्राय’ म्हणालो. पुन्हा खर्र. आम्ही पुन्हा तेच म्हणालो. तिसऱ्यांदाही म्हणालो.

फ्लॉपी बाहेर काढली तेव्हा खिडकीसारख्या फटीतून आतील तपकिरी चकतीवर एक बारीक पांढुरके वलय दिसले. लेप खरवडला गेला होता. जेथे लेप नाही तेथे अक्षर नाही. त्याला जगात कोठेही उपाय नाही. चूक दुकानदारांची नव्हती, त्यांनी थांबावयास सांगितले होते. चूक आमची होती. ती फ्लॉपी तीर्थरूपांची नव्हती, हे आम्हाला पुढे कळले. तीत आपल्याच एका दिवंगत भगिनीची आठवण होती आणि त्यांच्या कन्या आज येथे दुसऱ्या रांगेत बसल्या आहेत. त्यांना आम्ही घरी जाऊन सर्व सांगितले आहे. तरीही सभेसमोर पुन्हा क्षमा मागतो.

त्यानंतर दोन महिने डब्याला हात लावण्याचा धीर झाला नाही. पुढे आमच्या खालच्या मजल्यावरील कुटुंबातील कन्येने, जी नोएडास अभियंता आहे, हे काम अंगावर घेतले. पहिल्याच दिवशी तिने आमची हजेरी घेतली. “काका, बुरशी आलेली फ्लॉपी तुम्ही तशीच यंत्रात घातलीत? त्या यंत्राचे डोके चकतीला टेकून फिरते. बुरशीचा एक कण म्हणजे पॉलिश कागद झाला.” वस्तुतः कारण घरातच होते. दिल्लीचा उन्हाळा पत्र्याचा डबा तापवितो आणि श्रावणातली दमट हवा आत शिरली की बाहेर पडत नाही. तेवीस-चोवीस वर्षे तो डबा माळ्यावर होता.

तिने जे केले ते आम्ही शेजारी बसून पाहिले आहे, म्हणून सांगतो. मोठ्या फ्लॉपीच्या कडेला एक खाच असते; तीवर चिकटपट्टी लावली की यंत्र तीवर काही लिहू शकत नाही. हे प्रथम. मग वेष्टनाची एक कड धारदार पात्याने उघडून आतील चकती अलगद बाहेर काढावयाची, ऊर्ध्वपातित पाण्याने आणि शुद्ध अल्कोहोलने कापसाच्या बोळ्याने पुसावयाची, सावलीत वाळवावयाची आणि दुसऱ्या स्वच्छ वेष्टनात घालावयाची. आमच्या सौभाग्यवतींच्या भाषेत, ही पापड वाळविण्याइतकीच नाजूक आणि त्याहून कंटाळवाणी कामगिरी होती. त्यानंतरच जुने फ्लॉपी-यंत्र. तेही थेट संगणकाला नव्हे, तर मध्ये एक तळहाताएवढी विद्युत्पट्टिका जोडून. ही पट्टिका अक्षरे वाचण्याचा प्रयत्नच करीत नाही; चकती फिरत असता चुंबकत्वाची दिशा कोठे कोठे बदलते एवढेच ती टिपून घेते. अर्थ नंतर लावावयाचा. म्हणजे जीर्ण पोथी वाचावयास न बसता आधी तिचे पानन् पान छायाचित्रात उतरवून घ्यावे, तसे. एकदा ही प्रतिमा हाती आली की मूळ फ्लॉपीला पुन्हा हात लावावयाचा नाही. सारे प्रयोग प्रतीवर. कचेरीत मूळ फाइल कोणाला न देता सत्यप्रत देतात, तोच हा नियम. तो आम्हाला तीस वर्षे पाठ होता आणि नेमका नेहरू प्लेसला आठवला नाही.

सातांपैकी पाच मोठ्या फ्लॉप्या संपूर्ण उतरल्या. आमच्या हातून खरवडलेली अर्धवट उतरली. एक बुरशीने पूर्ण गेली होती, पण सुदैवाने तिच्यातील मजकुराची दुसरी प्रत पाचांत होती. लहान अकरांपैकी नऊ निघाल्या, दोन निघाल्या नाहीत.

आता काम झाले असे आम्हाला वाटले. पडद्यावर पहिली फाइल उघडली आणि जे दिसले ते मराठी नव्हते, इंग्रजी नव्हते, कोणतीच भाषा नव्हती. ग्रीक अक्षरे, चौकटीच्या रेघा, उलटी प्रश्नचिन्हे यांची ती खिचडी होती. चकती वाचली होती. लिपी वाचता येत नव्हती.

महाराष्ट्रातील माणसाला ही अडचण नवी नाही. पुण्याच्या पेशवे दप्तरातील रुमाल शाबूत आहेत, शाई शाबूत आहे, कागद आपल्याहून धडधाकट आहे. पण मोडी वाचणारा लागतो. रियासतकार सरदेसायांनी १९३० पासून त्या दप्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड काढले, तेव्हा मोडी घरोघर वाचली जात होती. आज ती शिकवणीच्या वर्गात शिकावी लागते. मोडी हरवावयास कित्येक दशके लागली. आमची लिपी पंचवीस वर्षांत हरवली होती.

किल्ली सापडली ती त्या दोनशे पानांच्या वहीत. पहिल्या पानावर चिटणिसांनी आपल्या सुबक हस्ताक्षरात लिहिले होते: यंत्रात जिस्ट कार्ड आहे, वर्डस्टार वापरणे, फाइल नेहमी ‘एन’ दाबून उघडणे, ‘डी’ने कदापि नव्हे, शब्दाचे शेवटचे अक्षर बिघडते. आम्ही हे वाक्य दहा वेळा वाचले होते आणि दहाही वेळा ते निरर्थक वाटले होते. खालच्या मजल्यावरील कन्येने ते वाचले आणि खुर्चीतून उठलीच.

जिस्टची हकीकत आपण अभिमानाने ऐकावी अशी आहे. कानपूरच्या आय. आय. टी.त १९८० च्या दशकात भारतीय लिप्या संगणकावर आणण्याचे जे काम झाले, ते पुढे पुण्याच्या सी-डॅक या संस्थेत वाढले. ही संस्था १९८८ ची. जिस्ट हे एक कार्ड होते. ते संगणकात बसविले की इंग्रजीसाठी लिहिलेल्या आज्ञावलींतही देवनागरी उमटे. त्यामागे ‘इस्की’ हे प्रमाण होते, आणि १९९१ मध्ये भारतीय मानक ब्यूरोने ते १३१९४ या क्रमांकाने स्वीकारले. संगणक अक्षर ओळखत नाही, क्रमांक ओळखतो. इस्कीत ‘क’चा क्रमांक १७९. मौज अशी की हाच १७९ गुजराती ‘क’चा, बंगाली ‘क’चा आणि तमिळ ‘क’चाही. लिपी बदला, क्रमांक तोच. आजच्या जागतिक युनिकोड प्रमाणात देवनागरी ‘क’ २३२५ आहे आणि प्रत्येक लिपीला स्वतंत्र घर आहे. तथापि त्या घरांतील अक्षरांची मांडणी इस्कीवरूनच घेतलेली आहे. म्हणून एकातून दुसऱ्यात जाणे अवघड नव्हते, फक्त हे इस्की आहे हे कोणीतरी सांगावे लागत होते. वहीने ते सांगितले.

आणि ‘एन’चे रहस्य असे, की वर्डस्टार ही आज्ञावली ‘डी’ने उघडलेल्या दस्तऐवजात शब्दाच्या शेवटच्या अक्षराचा क्रमांक १२८ ने वाढवून स्वतःसाठी खूण करून ठेवी. इंग्रजी अक्षरे १२८ च्या आतच असल्याने तेथे हे खपून जाई. आपली अक्षरे मुळातच १२८ च्या पलीकडे. त्यांची गल्लत होई. चिटणिसांना या गणिताची माहिती होती की नाही, सांगता येत नाही. बहुधा एक रविवार वाया गेल्यावर त्यांनी ती सूचना लिहिली असावी. दोन आठवणींत शब्दांची टोके खरोखरच बिघडलेली निघाली. तेवढ्या दोनदा कोणीतरी ‘डी’ दाबला होता. ती टोके आम्ही आणि आमच्या सौभाग्यवतींनी संदर्भाने जुळविली.

लहान फ्लॉप्यांवरील मजकूर १९९६ नंतरचा, विंडोजवर टंकलेला. तेथे इस्कीही नव्हते. त्या काळी प्रत्येक मराठी फॉण्ट स्वतःचे राज्य होते. अर्धा क, काना, मात्रा, वेलांटी अशा तुकड्यांना ज्याने त्याने मनास येईल तो क्रमांक दिला होता, आणि फॉण्ट नाहीसा झाला की मजकूर अनाथ. हा फॉण्ट कोणता, हे वहीत नव्हते. उपाय अनपेक्षित ठिकाणी सापडला. आमच्या घरच्या छायाचित्रांच्या संग्रहात रौप्यमहोत्सवाची छापील निमंत्रणपत्रिका चिकटविलेली होती, आणि त्याच पत्रिकेची फाइल एका फ्लॉपीवर होती. एका बाजूस छापील मराठी, दुसऱ्या बाजूस पडद्यावरील खिचडी. शाम्पोलियनने रोझेट्टा येथील शिळेवरून १८२२ मध्ये इजिप्तची चित्रलिपी उलगडली, त्याच मार्गाने, अर्थात फारच लहान प्रमाणावर, आम्ही चार रविवार बसून कोष्टक तयार केले. पत्रिकेत ‘झ’ आणि ‘ढ’ नव्हते. ते पुढे झाशी आणि ढोकळ्यातून मिळाले.

देवनागरी लिहिताना पहिली वेलांटी अक्षराच्या आधी काढतात, उच्चारात ती नंतर येते. रफार डोक्यावर नंतर देतात, उच्चारात ‘र’ आधी. जुने फॉण्ट हाताच्या क्रमाने चालत, आजचे प्रमाण जिभेच्या क्रमाने. यंत्राकरवी क्रम बदलून घेता आला. परंतु मराठीच्या खास ‘ऱ्य’ने मात्र दगा दिला. पहिल्या रूपांतरात आठवण क्रमांक एकोणीसमध्ये असे वाक्य निघाले, की गणेशोत्सवात आचार्यांनी तीनशे मोदक वळले. कोणते हे विद्वान, म्हणून आम्ही चकित झालो. ते आचाऱ्यांनी वळले होते. त्याच मजकुरात सह्याद्रीच्या दऱ्यांचे दर्या झाले होते. अशी स्थळे आम्ही ओळीओळीने तपासली.

तेवीस आठवणींपैकी अठरा संपूर्ण मिळाल्या, तीन अपुऱ्या, दोन मुळीच नाहीत. न मिळालेल्या दोन्ही त्या न उघडलेल्या लहान फ्लॉप्यांवर असाव्यात, असे अनुक्रमणिकेवरून दिसते.

मिळाले त्यात काय आहे? १९४८ मध्ये लिपिक म्हणून आलेले एक गृहस्थ पहाडगंजातील खानावळीत सहा महिने राहिले. सरोजिनी नगर तेव्हा विनयनगर होते आणि रात्री कोल्हेकुई ऐकू येई, असे ते सांगतात. एका भगिनीने आगगाडीतून पाटा-वरवंटा आणला. हमालाने त्याचे दुप्पट पैसे मागितले आणि तो पाटा शेवटपर्यंत तिच्या क्वार्टरच्या अंगणात होता. एकीने आमसुलांचा हिशेब ठेवला आहे: वर्षाला दोन पायल्या, त्यातील अर्धी शेजारच्या पंजाबी कुटुंबाला, कारण त्यांच्या मुलाला सोलकढी आवडू लागली होती. आणि आमचे तीर्थरूप. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले तेव्हा आजी-आजोबा पुण्यात नदीकाठच्या पेठेत होते. वडिलांनी तार केली, उत्तर नाही. दुसरी केली, उत्तर नाही. रोज सायंकाळी कचेरी सुटल्यावर तारघराशी जाऊन उभे राहत, असे त्यांनी सांगितले आहे. सहाव्या दिवशी सर्व सुखरूप असल्याची तार आली आणि त्या रात्री ते प्रथम जेवले. घरात आम्ही त्यांच्या तोंडून पानशेतचे नाव कधीही ऐकले नव्हते. रविवारी सकाळी सायकलवर आलेल्या चिटणिसांना त्यांनी ते सांगितले, आणि आम्हाला ते त्यांच्या मृत्यूनंतर पंधरा वर्षांनी कळले.

अठराही आठवणी आणि तीन अपुऱ्या आता युनिकोडमध्ये आहेत. त्यांच्या प्रती तीन घरांत, तीन वेगवेगळ्या साधनांवर ठेवल्या असून दर पाच वर्षांनी त्या नव्या साधनावर उतरवाव्यात असा ठराव कार्यकारिणीने केला आहे; ठरावाचे पुढे काय होते हे आम्ही सरकारी नोकर जाणतोच, म्हणून एक प्रत चांगल्या कागदावर छापून, शिवून, मंडळाच्या कपाटात ठेवली आहे. चिटणिसांची वहीही तिच्याबरोबर आहे. न उघडलेल्या दोन फ्लॉप्या कोरड्या जागी आहेत. १९९३ ते १९९८ या काळात चिटणिसांनी कोणास आठवणीची छापील प्रत वाचावयास दिली असेल, तर तिचा शोध घरी अवश्य घ्यावा. चार आणि बावीस क्रमांकांच्या आठवणींपैकी एकही ओळ आमच्याजवळ नाही.

राहिली ती खरवडलेल्या फ्लॉपीतील आठवण. नववधू म्हणून १९५४ मध्ये पंजाब मेलने दिल्लीस येतानाचा तो प्रवास आहे. दीड पान व्यवस्थित मिळते. भुसावळला घेतलेली केळी आहेत, इटारसीचा उकाडा आहे. मग झाशी येते, समोरच्या बाकावरील एक म्हातारी खिडकीबाहेर बोट दाखवून काही सांगू लागते, आणि तेथे वाक्य तुटते. स्मरणिकेत आम्ही ते तुटले तसेच छापीत आहोत. त्याखाली मोकळी जागा सोडली होती. गेल्या आठवड्यात त्यांच्या कन्येने, आईच्या तोंडून लहानपणी ऐकलेले जसे आठवते तसे, अकरा ओळींत लिहून दिले. त्या ओळी त्यांनी शाईने कागदावर लिहिल्या आहेत आणि त्यांच्याच हस्ताक्षरात छापल्या जातील.